गोळीचं नाव विचारा

पेण आणि रोहा तालुक्यांत गटांच्या बैठकांना जाणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना एक गोष्ट आता पाठ झाली आहे. तब्येतीचा विषय निघाला की बायका पिशवीतून कागदाच्या पुड्या काढतात. रक्ताची गोळी, बीपीची गोळी, गुडघ्याची गोळी आणि एक ‘टेन्शनची गोळी’. पहिल्या तीन कशासाठी आहेत ते त्या नीट सांगतात. टेन्शनच्या गोळीपाशी बोलणं अडतं. नाव काय? माहीत नाही. कशासाठी दिली? “डॉक्टर म्हणाले, झोप लागेल.” किती दिवस घ्यायची? ते कुणी सांगितलेलं नसतं. दोन-दोन वर्षं गोळी चालू असते. ती का चालू आहे आणि कधी थांबायची, याचा पत्ता ना तिला असतो ना घराला.

या गोळ्यांबद्दल आपल्या चळवळीत फार कमी बोललं जातं. जे बोललं जातं ते दोन टोकांचं असतं. एक टोक डॉक्टर आणि घरच्यांचं: बाई रडते, चिडते, कामाला लागत नाही, द्या गोळी. दुसरं टोक आपल्यातल्याच काही मैत्रिणींचं: बाईचं दुःख सामाजिक आहे, गोळी म्हणजे तिला गप्प करण्याचं साधन, फेकून द्या. मला या दोन्ही टोकांशी भांडायचं आहे. कारण दोन्हीकडे बाईला एकच गोष्ट दिली जात नाही, ती म्हणजे माहिती.

दुखणं कुठून येतं

बाई दवाखान्यात जाऊन “मला नैराश्य आलंय” असं म्हणत नाही. ती म्हणते कंबर दुखते, हातापायांना मुंग्या येतात, छातीत धडधडतं, जीव घाबरा होतो, अंगावर पांढरं जातं, अशक्तपणा आहे. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पांढरं जाण्याच्या तक्रारीचा अभ्यास केला. तेव्हा या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनाच्या ताणाशी जास्त जुळताना दिसला. म्हणजे बाई खोटं बोलत नाही. तिचं शरीरच तिच्या वतीने बोलतं. आपण मात्र तिला एकदा कॅल्शियम देतो, एकदा इंजेक्शन देतो, आणि तिसऱ्या खेपेला पुडीत टेन्शनची गोळी बांधतो.

आणि या ताणाला पत्ता असतो. सप्टेंबर २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली. त्यात पापड लाटून, गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करून, भाजी विकून साठवलेले बायकांचे पैसे होते. मुलीच्या लग्नाचे, म्हातारपणाचे, आणि नवऱ्यापासून लपवून ठेवलेलेसुद्धा. लपवलेला पैसा बुडाला तर रडायचं तरी कुणापाशी? महामुंबई ‘सेझ’च्या वेळी, सप्टेंबर २००८ मध्ये हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत जनमत घेतलं गेलं. तिथल्या बायका त्याआधी कित्येक महिने जमीन राहील की जाईल या घोरात होत्या. कातकरी वाड्यांतली कुटुंबं पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर जातात, उचल घेतलेली असते, ती फेडता फेडता वर्ष सरतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने रायगडात घरांचे पत्रे उडाले, बागा आडव्या झाल्या. अशा प्रत्येक गोष्टीनंतर घरातल्या पुरुषाला चावडीवर, मोर्चात, नाहीतर गुत्त्यावर जागा असते. बाईला चूल आणि उशी.

गोव्यातच २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २५२ बाळंतिणी होत्या. बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी त्यांच्यापैकी ५९ जणींना, म्हणजे शंभरातल्या तेवीस जणींना, नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं यांचा त्याच्याशी संबंध होता. मुलगी झाली म्हणून आईला नैराश्य येतं, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा. यात बिघाड कुणाच्या डोक्यात आहे?

ही गोळी करते तरी काय

आता गोळीकडे येऊ. टेन्शनची गोळी या एका नावाखाली दोन अगदी वेगळी औषधं खपवली जातात.

एक गट झोपेच्या आणि घबराट शमवणाऱ्या औषधांचा: अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, डायझेपाम. ही तासाभरात गुंगी आणतात, धडधड थांबवतात, आणि म्हणून बाईला ‘लागू पडतात’. पण काही आठवड्यांतच शरीराला त्यांची सवय लागते. मग तेवढ्याच गुणासाठी जास्त गोळी लागते, आणि अचानक सोडली तर झोप उडते, थरथर सुटते, कधी फिटसुद्धा येते. अल्प्राझोलाम आणि डायझेपाम ही औषधं २०१४ पासून ‘एच-१’ यादीत आहेत. चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत आणि दुकानदाराने डॉक्टरचं आणि रुग्णाचं नाव वेगळ्या वहीत नोंदवायचं असतं.

दुसरा गट नैराश्यावरच्या औषधांचा: फ्लुओक्सेटिन, एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन आणि जुन्यांपैकी अमिट्रिप्टिलिन, इमिप्रामिन. यांची सुरुवात योगायोगाने झाली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्षयाच्या रुग्णांना इप्रोनियाझिड नावाचं औषध देत होते. खाटेला खिळलेली माणसं अचानक हसू-बोलू लागली, तेव्हा डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे औषध मनावरही काम करतं. त्याच दशकात स्वित्झर्लंडमध्ये रोलांड कून यांना इमिप्रामिनचा गुण दिसला. फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत डिसेंबर १९८७ मध्ये परवानगी मिळाली.

मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात ते रसायनांमार्फत. त्यातलं एक सिरोटोनिन. एका पेशीने ते दोघींमधल्या फटीत सोडलं की काम झाल्यावर तीच पेशी ते परत शोषून घेते. फ्लुओक्सेटिनसारखी औषधं हे परत शोषणं अडवतात, म्हणून फटीत सिरोटोनिन जास्त वेळ राहतं. हे पहिल्या काही तासांतच घडतं. पण बाईला बरं वाटायला दोन ते चार आठवडे, कधी सहा आठवडे लागतात. मधल्या काळात मेंदू त्या बदलाशी हळूहळू जुळवून घेत असावा, असं मानलं जातं. पूर्ण उलगडा अजून शास्त्रज्ञांनाही झालेला नाही.

म्हणूनच “तुमच्या मेंदूत एक रसायन कमी झालंय, ही गोळी ते भरून काढते” हे दवाखान्यातलं वाक्य मला मान्य नाही. रक्त कमी आहे असं सांगताना डॉक्टर हिमोग्लोबिन तपासतात, आकडा दाखवतात. मेंदूतलं सिरोटोनिन मोजून कुणा बाईला नैराश्याची चिठ्ठी लिहिलेली मी ऐकलेली नाही, कारण तशी तपासणीच नाही. २०२२ साली लंडनच्या जोआना मॉन्क्रिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचं संशोधन एकत्र तपासलं. सिरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येतं याला त्यांना सुसंगत पुरावा सापडला नाही. बाम लावल्याने डोकं उतरतं, म्हणून डोकेदुखी बामाच्या कमतरतेने होते असं आपण म्हणत नाही. कमतरतेची ही गोष्ट सोयीची मात्र आहे. दोष बाईच्या डोक्यात आहे असं एकदा ठरलं की नवऱ्याच्या हाताकडे, सासूच्या जिभेकडे आणि बुडालेल्या बँकेकडे कुणाला बघावं लागत नाही.

पण इथेच थांबलं तर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. गोळी कशी काम करते याची गोष्ट चुकीची असली, म्हणून गोळी काम करत नाही असं होत नाही.

मैत्रिणींशी भांडण

२०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये एक मोठा आढावा आला. २१ औषधं, ५२२ चाचण्या, १ लाख १६ हजारांवर माणसं. मोठ्यांच्या नैराश्यात ही सगळी औषधं खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मोठा नव्हता, आणि बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या, हेही खरं. आपल्या शेजारच्या गोव्यात २००३ साली ४५० जणांवरच्या अभ्यासाचा निष्कर्ष आला. एका गटाला फ्लुओक्सेटिन, एकाला खोटी गोळी, एकाला समुपदेशन. दोन महिन्यांनी फ्लुओक्सेटिन खोट्या गोळीपेक्षा सरस ठरलं. समुपदेशन मात्र त्या अभ्यासात खोट्या गोळीपेक्षा चांगलं ठरलं नाही. आपल्याला आवडो न आवडो, हे वाचायला हवं.

मी स्वतः दहा महिने फ्लुओक्सेटिन घेतलं आहे. ज्या खाजगी दवाखान्यात ते मिळालं तिथे मला नाव सांगितलं गेलं नाही, दुष्परिणाम सांगितले गेले नाहीत. नाव मी औषधाच्या दुकानात पाकीट मागून वाचलं. तिसऱ्या आठवड्यानंतर पहाटे तीनला जाग येणं थांबलं. गोळीने माझा नवरा बदलला नाही, घर बदललं नाही. पण सकाळी उठून वेणी घालण्याइतकं बळ आलं, आणि त्याच्या पुढच्या महिन्यात वकिलाकडे जाण्याइतकं. माझ्यासाठी गोळी लढाईच्या आड आली नाही. ज्या बाईला अंथरुणातून उठवत नाही तिला “संघटित हो” म्हणणं ही क्रूरता आहे.

भारतात २०२१ या एका वर्षात आत्महत्या केलेल्या स्त्रियांची नोंद ४५,०२६ आहे. त्यातल्या २३,१७९ गृहिणी होत्या. हे आकडे पोलिसांच्या नोंदीतले, सरकारनेच छापलेले. यातल्या प्रत्येकीला गोळीने वाचवलं असतं असं मी म्हणणार नाही. पण ज्या बाईच्या मनात मरणाचे विचार आहेत तिला आपण ‘गोळ्यांचं राजकारण’ समजावत बसलो, तर आपलं राजकारण कुणासाठी आहे?

जे कुणी सांगत नाही

तरीही औषध हे औषध आहे. पहिल्या एक-दोन आठवड्यांत मळमळ, जुलाब, डोकेदुखी, अस्वस्थपणा येतो. बहुतेकींचं हे पुढे कमी होतं. पण नेमक्या याच दिवसांत बायका गोळी सोडतात, कारण गुण यायचा असतो आणि त्रास आलेला असतो. हे आधी सांगायला दोन मिनिटं लागतात.

लैंगिक इच्छा कमी होते, सुख मिळेनासं होतं. हा या औषधांचा अगदी नेहमीचा परिणाम आहे आणि बाईला तो जवळजवळ कधीच सांगितला जात नाही. मग घरात संशय सुरू होतो, “हिचं बाहेर काही आहे का?” एका गोळीच्या दुष्परिणामापायी बाईने मार खाल्लेला आम्ही पाहिला आहे. काहींना सगळ्याच भावना बोथट झाल्यासारख्या वाटतात. रडू येत नाही तसं हसूही येत नाही.

अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालू असेल तर या औषधांसोबत रक्तस्राव वाढू शकतो. आपल्या भागात निम्म्या बायकांच्या पुडीत दोन्ही असतात, आणि कितीतरींचं रक्त आधीच कमी असतं. अमिट्रिप्टिलिनसारख्या जुन्या औषधांनी तोंड कोरडं पडतं, मलावरोध होतो, आणि एकदम जास्त गोळ्या घेतल्या तर हृदय बंद पडू शकतं. म्हणून ज्या घरात जिवाची भीती आहे तिथे एका वेळी मोठा साठा देऊ नये. २५ वर्षांखालच्या मुलींमध्ये सुरुवातीच्या दिवसांत आत्महत्येचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ मध्ये हा इशारा मुलांसाठी दिला आणि २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठी वाढवला. अशा मुलीला औषध दिल्यावर आठवड्याभरात पुन्हा बोलवायला हवं.

आणि सोडण्याचं काय? बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात, मग डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करतात. एकदम सोडलं तर चक्कर, झिणझिण्या, डोक्यात वीज चमकल्यासारखं, चिडचिड, रात्री भलती स्वप्नं. बायका समजतात आजार परत आला, आणि गोळी पुन्हा सुरू होते. हा लेख वाचून कुणीही आपली गोळी उद्या बंद करू नये. नाव विचारावं, चिठ्ठी मागावी, आणि कमी करायची तर सांगून कमी करावी.

सगळ्यात संताप येतो तो दोन औषधांच्या एका गोळीचा. एस्सिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकत्र घातलेल्या गोळ्या आपल्या देशात सर्रास लिहून दिल्या जातात. एक औषध महिनोन् महिने घ्यायचं, दुसरं काही आठवड्यांत थांबवायचं. दोन्ही एकाच गोळीत असतील तर बाईने अर्धी थांबवायची कशी? नैराश्याचा उपचार म्हणून सुरू झालेली गोळी अशी सवयीची होते.

चिठ्ठीची भीती

बायका चिठ्ठी जवळ ठेवत नाहीत, फाडून टाकतात. का, ते आम्हाला माहीत आहे. सासरच्यांच्या हातात ती पडली तर ‘वेडी’ म्हणून माहेरी पाठवायला पुरावा होतो. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं कारण आहे. पण त्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये, राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात, स्पष्ट सांगितलं आहे की नुसतं आजाराचं नाव दाखवून घटस्फोट मिळत नाही. तो विकार एवढा तीव्र हवा की एकत्र राहण्याची अपेक्षाच करता येऊ नये. नवऱ्याला त्या खटल्यात घटस्फोट मिळाला नाही. नैराश्याची गोळी घेणारी बाई ‘वेडी’ ठरत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ तर असं सांगतो की आजाराचं निदान झालं एवढ्याने व्यक्ती ‘अस्थिर मनाची’ ठरत नाही, ते न्यायालयाने ठरवायचं असतं. समाजाच्या रीतीभाती पाळत नाही म्हणून कुणाला आजारी ठरवता येत नाही, हेही त्यात आहे.

हा कायदा २०१८ पासून लागू आहे आणि आपल्या गटांनी तो वाचलाच पाहिजे. उपचार काय आहे आणि त्याचे दुष्परिणाम काय, हे जाणून घेण्याचा हक्क त्यात आहे. गुप्ततेचा हक्क आहे. आणि एक तरतूद अशी की जिच्यासाठी आपण भांडायला हवं होतं, ती आयती मिळाली आहे. बाई आपला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ स्वतः निवडू शकते. साध्या कागदावर लिहून, सही किंवा अंगठा करून. तो नवरा असण्याची सक्ती नाही. बहीण चालते, मैत्रीण चालते, गटातली कार्यकर्ती चालते.

आपलं काम

औषधांना प्रश्न विचारणं आपल्या चळवळीला नवं नाही. १९८६ साली हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेने आणि इतर गटांनी ‘नेट-एन’ या गर्भनिरोधक इंजेक्शनविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. १९९४ साली शिरूरच्या संस्थेतल्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींची गर्भाशयं पुण्यात काढली गेली, तेव्हा आपण रस्त्यावर आलो. भार्गवी दावर यांनी १९९९ मध्ये भारतीय स्त्रियांच्या मानसिक आरोग्यावर स्त्रीवादी पुस्तक लिहिलं. मग टेन्शनच्या गोळीपाशीच आपण गप्प का?

गोव्याने एक वाटही दाखवली आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या कामाचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन आरोग्य केंद्रात बसवलं. ते ऐकून घेत, समजावत, गरज पडली तर औषधासाठी डॉक्टरकडे नेत. सरकारी केंद्रांत याचा स्पष्ट फायदा दिसला, खाजगी दवाखान्यांत तसा दिसला नाही. रायगडात हे करायचं तर ‘आशा’ताईंच्या डोक्यावर आणखी एक बिनपगारी ओझं टाकून करू नका. पगारी माणूस नेमा.

म्हणून आपल्या मागण्या साध्या आहेत.

पुडीत सुटी गोळी नको. प्रत्येक बाईला नाव लिहिलेली चिठ्ठी आणि मराठीतून तोंडी माहिती मिळालीच पाहिजे: कशासाठी, किती दिवस, त्रास काय, कधी थांबायचं.

२०१७ च्या कायद्याप्रमाणे अत्यावश्यक यादीतली मानसिक आजारांची औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वर सगळीकडे फुकट मिळायला हवीत. फ्लुओक्सेटिन त्या यादीत आहे. पेण आणि रोहा इथल्या सरकारी रुग्णालयांत ते बारा महिने आहे का, हे गटांनी दर महिन्याला जाऊन विचारावं आणि उत्तर लिहून घ्यावं. रोह्याच्या बाईने त्यासाठी अलिबाग किंवा ठाण्याला रोज बुडवून का जावं?

टेन्शनची गोळी लिहिण्याआधी डॉक्टरने नवऱ्याला बाहेर पाठवून एक प्रश्न विचारलाच पाहिजे: घरी मारहाण होते का? उत्तर ‘हो’ असेल तर २००५ च्या कायद्याखालच्या संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ताही गोळीच्या नावासोबत तिच्या हातात पडला पाहिजे.

आणि आपल्या प्रत्येक गटाने पुढच्या बैठकीत पुड्या उघडाव्यात. प्रत्येक गोळीचं नाव वहीत लिहावं. ज्या गोळीला नाव नाही ती घेऊन दोघीतिघींनी मिळून त्या दवाखान्यात जावं. जिला आज रात्र काढणं कठीण वाटतंय तिच्यासाठी १४४१६ हा ‘टेलिमानस’चा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. तो भिंतीवर लिहून ठेवा. आणि फोन लागला नाही तर कुणाचं दार वाजवायचं, ते नावही त्याच्या खाली लिहा.